राळ : जुनी आणि नवी
मराठीत ‘राळ’ हा शब्द मूळतः झाडाच्या खोडातून पाझरणाऱ्या व वाळल्यावर कडक होणाऱ्या द्रव्यास लावला जातो. विसाव्या शतकात रसायनशाळेत निर्माण झालेल्या इपॉक्सीसारख्या द्रव्यांसही पुढे हेच नाव मिळाले. नाव एक, तेव्हा गुणधर्मही एकच, असा समज त्यामुळे सहज होतो. लाकडी नौकेच्या दुरुस्तीत मात्र हा समज घातक ठरू शकतो.

फळ्या जोडून बांधलेल्या जुन्या पद्धतीच्या नौकेत सांध्यांमध्ये कापूस अगर काथ्या ठासून त्यावर राळ व तेल यांचे मिश्रण भरतात. नौका पाण्यात उतरली की लाकूड फुगते, फळ्या परस्परांवर दाबल्या जातात आणि सांधा आवळतो. ती किनाऱ्यावर ओढली की लाकूड सुकून आकसते. भरण मऊ असल्यामुळे या हालचालीस ते आड येत नाही. गोव्यात बांधलेली व २०२५ साली भारतीय नौदलात दाखल झालेली, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेली ‘कौंडिण्य’ ही नौका याच परंपरेतील होय.

इपॉक्सीची रीत निराळी आहे. १९४६ साली स्वित्झर्लंडमध्ये ‘अरल्डाइट’ या नावाने ती बाजारात आली. मूळ राळ आणि कारागीर ज्यास ‘हार्डनर’ म्हणतात ते दृढकारक द्रव्य एकत्र केले असता दोहोंच्या रेणूंचे जाळे विणले जाते. हे जाळे पुन्हा वितळत नाही. ते कोरड्या लाकडास घट्ट धरते व त्यात पाणी शिरू देत नाही. लाकूड कोरडे राहिले की त्याचे फुगणे-आकसणेही थांबते. गोव्यातच बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेचे अंग लाकडी पट्ट्या इपॉक्सीने जोडून व त्यांवर काचतंतूंचे आवरण देऊन एकसंध केलेले आहे. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती हिच्यातूनच.

आता जुन्या नौकेच्या सांध्यांत हीच नवी राळ भरली तर काय होईल? पाण्यात फळ्या फुगतील. परंतु कठीण झालेले भरण दबणार नाही. तो ताण फळ्यांच्या कडांवर आणि खिळ्यांवर येईल. उन्हात त्या आकसतील तेव्हा भरणाशेजारी चीर पडेल. तिच्यातून शिरलेले पाणी आत कोंडून राहील व वरून अभंग दिसणारे लाकूड आतून कुजत जाईल. गळती थांबविण्यासाठी केलेला उपायच नौकेच्या नाशास कारण होतो, तो असा.

जेथे लाकूड स्थिर व कोरडे ठेवता येते तेथे मात्र इपॉक्सी अत्यंत उपयुक्त आहे. कुजलेला भाग पूर्णपणे काढून, लाकडातील ओलावा शेकडा १२ हून कमी झाल्यावरच ती लावावी. दोन द्रव्यांचे प्रमाण उत्पादकाने सांगितल्याप्रमाणेच असावे. दृढकारक जास्त घातल्याने काम लवकर न होता जोड कच्चा राहतो. भांड्यात साचलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापून लवकर घट्ट होते. म्हणून ते पसरट भांड्यात थोडे थोडे करावे. फळ्यांची आडवी कापलेली टोके सर्वांत अधिक पाणी शोषतात, त्यांकडे विशेष लक्ष द्यावे. वाळलेल्या थरावर कधी मेणचट साय येते. ती पाण्याने धुतल्याविना पुढील थर धरत नाही. सूर्यप्रकाशाने इपॉक्सीची झीज होते, यास्तव तिच्यावर रंगाचे आवरण आवश्यक असते. तिच्या वारंवार स्पर्शाने त्वचेस कायमचा विकार जडू शकतो. म्हणून हातमोजे वापरणे अगत्याचे आहे.

तात्पर्य, जुनी राळ हालणाऱ्या लाकडासाठी आहे, नवी राळ न हालणाऱ्या. दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी समोरची नौका कोणत्या पद्धतीने बांधलेली आहे, हे प्रथम पाहावयास हवे. राळेची निवड त्यानंतरची.