संशोधनाचे ऋण

हैदराबाद शहराच्या वायव्येस कुकटपल्ली नावाचे उपनगर आहे. एके काळी ते शहराबाहेरचे साधे खेडे होते. आज तेथे इमारतींची दाटी झाली असून तेलंगणाच्या खेड्यांतून आणि सीमेपलीकडील मराठवाड्यातून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे तेथे शेजारी शेजारी नांदत आहेत. जवळच्या बालानगर येथे १९६० नंतरच्या दशकात सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने मोठा सरकारी औषध कारखाना उभारण्यात आला होता. तो पुढे बंद पडला. परंतु औषधे व लशी यांचे शहर हा हैदराबादचा लौकिक मात्र वाढतच गेला. या नगरीत संसार करणाऱ्या मराठी आणि तेलुगू गृहिणींना एक गोष्ट बहुधा ठाऊक नसेल. स्त्रियांच्या एका प्राणघातक रोगाविषयी साऱ्या जगाला आज जे ज्ञान लाभले आहे, त्यातील मोठा भाग त्यांच्याच माहेरच्या मुलखातून मिळालेला आहे. ते कसे, हे आमच्या वाचकांपुढे मांडण्याचा या लेखात विचार आहे.

हा रोग म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. २०२२ सालच्या अंदाजानुसार त्या एका वर्षात आपल्या देशातील सुमारे सव्वा लाख स्त्रियांना तो जडला व जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याला बळी पडल्या. एका विषाणूमुळे तो होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवून दिले आणि त्याबद्दल २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. बहुतेक स्त्रियांचे शरीर त्याला एक-दोन वर्षांत घालवून देते. थोड्या स्त्रियांच्या ठायी मात्र तो ठाण मांडून बसतो आणि त्याचा कर्करोग होण्यास पंधरा-वीस वर्षे लागतात. एकाच पतीशी एकनिष्ठ राहिलेल्या स्त्रीलाही हा रोग होऊ शकतो. म्हणून रोगी स्त्रीच्या शीलाविषयी कुजबुज करणे हा तिच्यावर घोर अन्याय आहे. पहिली अनेक वर्षे काही दुखत नाही, खुपत नाही. आमच्या भगिनी वैद्याकडे जातात त्या फार उशिरा. वस्तुतः याच मूक काळात रोग हुडकून काढला, तर तो सहज बरा होतो.

आता आपण उस्मानाबादकडे वळू. या जिल्ह्याचे नाव आज धाराशिव आहे. १९५६ साली भाषावार राज्यरचना होईपर्यंत तो हैदराबाद राज्यात होता. शेजारीच सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे गाव. तेथे ग्रामीण भागातील कर्करोग्यांची नोंद ठेवण्याचे काम १९८७ साली सुरू झाले. खेड्यांसाठी अशी नोंदवही आपल्या देशात ही पहिलीच. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ च्या अखेरीस उस्मानाबाद जिल्ह्यात एक विशाल अभ्यास हाती घेतला. तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट करण्यात आले. तीन गटांची तीन निरनिराळ्या रीतींनी एकवार तपासणी झाली. चौथ्या गटाला केवळ रोगाची माहिती देण्यात आली.

निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटात विषाणूची चाचणी झाली, त्यात आठ वर्षांच्या अवधीत ३४ स्त्रिया या रोगाने दगावल्या. ज्या गटाची तपासणीच झाली नव्हती, त्यात ६४ दगावल्या. हा गट संख्येने थोडा लहान होता, हे लक्षात घेतले म्हणजे फरक अधिकच ठळक होतो. जन्मातून एकदा केलेली चाचणी मृत्यू निम्म्यावर आणू शकते, हे त्यावरून दिसले. जगातील अनेक देशांनी आपली धोरणे ठरविताना या अभ्यासाचा आधार घेतला.

परंतु त्या चौथ्या गटाचे काय? त्यातील ३१,४८८ स्त्रियांची तपासणी न झाल्यामुळेच हा फरक मोजता आला. पाश्चात्त्य देशांत अशी तपासणी कित्येक दशकांपासून रूढ असताना खेड्यांतील गरीब स्त्रियांना तिच्यावाचून ठेवणे उचित होते काय, असा प्रश्न पुढे विचारवंतांनी केला. आपल्याकडे एरवीही त्यांना ती मिळत नव्हती, असे उत्तर देण्यात आले. हे उत्तर खरे आहे. पण त्याने मनाचे समाधान होत नाही, असे आम्हांस वाटते.

दुसरी हकीकत खम्ममची. हा मुलूखही जुन्या हैदराबाद राज्यातलाच. जुलै २००९ मध्ये तेथे दहा ते चौदा वर्षांच्या सुमारे चौदा हजार मुलींना या विषाणूविरुद्ध लस टोचण्यात आली. अमेरिकेतील पाथ ही संस्था, भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राज्य सरकार यांचा तो संयुक्त प्रकल्प होता. पुष्कळ मुली गरीब घरच्या, वसतिगृहात राहून शिकणाऱ्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूच्या वार्ता आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने काम थांबविले. ते मृत्यू लशीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही. मात्र दुसराच दोष उघडकीस आला. संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या, तर १,९४८ पत्रांवर केवळ अंगठे होते. लस चांगली होती. पण आपल्या लेकीच्या दंडात काय टोचले जात आहे, हे कित्येक मातांना कोणी सांगितलेच नव्हते.

याच सुमारास देशात नऊ ठिकाणी लशीचा आणखी एक अभ्यास चालू होता. त्यात पुणे, बार्शी व हैदराबाद यांचा समावेश होता. दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे त्यातून पाहावयाचे होते. खम्ममच्या गदारोळात तोही थांबला आणि त्यामुळे ४,९५० मुलींना एकच मात्रा मिळाली. अभ्यासकांनी या मुलींकडे पाठ फिरविली नाही. दहा वर्षे त्यांची विचारपूस चालू ठेवली. २०२१ साली असे आढळून आले की, चिवट संसर्गापासून एका मात्रेनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळते. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्राही पुरेशी ठरू शकते, असे मत दिले. एका मात्रेचा खर्च परवडेल अशी गरीब राष्ट्रे पुष्कळ आहेत. त्यांच्या मुली आज वाचतील, त्यांत आपल्या मुलींचा वाटा आहे.

आता या ऋणाची फेड किती झाली ते पाहू. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी ज्यांची ही तपासणी कधी तरी झाली होती, त्यांचे प्रमाण अवघे १.९ टक्के निघाले. शंभर स्त्रियांत दोनसुद्धा नाहीत! जागतिक आरोग्य संघटनेचे ध्येय मात्र सत्तर टक्क्यांचे आहे. ज्ञान आमच्या शेतशिवारातून निघाले, जगभर फिरले, आणि आमच्या उंबरठ्याशी येऊन अडले. संशोधनातील खरी उणीव आम्हांस येथे दिसते. चाचणी कोणती चांगली, याचे उत्तर मिळाले आहे. ती खेड्यातल्या स्त्रीपर्यंत कशी न्यावी, दोष आढळल्यास तिच्या उपचाराची सोय जवळ कशी करावी, आणि हे सारे तिला समजेल अशा शब्दांत कोणी सांगावे, या प्रश्नांकडे त्या मानाने फारच थोडे लक्ष गेले आहे.

तरी मार्ग बंद नाहीत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक केंद्राने बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना शिकवून त्यांच्याकरवी दर दोन वर्षांनी तपासणी करविली. पातळ केलेले शिरक्याचे आम्ल लावून पांढरा डाग उमटतो की नाही, एवढेच पाहावयाचे. एवढ्या साध्या उपायाने या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. विषाणूच्या चाचणीसाठी तर स्त्रीला स्वतःच एकांतात नमुना घेता येतो. संकोची भगिनींना ही मोठीच सवलत होय. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लसही २०२३ पासून मिळू लागली आहे.

म्हणून कुटुंबातील वडीलधाऱ्यांस आमचे सांगणे असे : घरातील मुलगी नऊ ते चौदा वर्षांची असेल, तर लशीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारा आणि समजून घेऊनच संमती द्या. तिशी ओलांडलेल्या स्त्रीने त्रास नसला तरी सरकारी दवाखान्यात जाऊन तपासणीची मागणी करावी. लस घेतलेल्या मुलीलाही पुढे ती चुकत नाही. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपायांत एक आठवडाही दवडू नये. आणि पतिराजांनो, त्या दिवशी शेतीचे काम बाजूला ठेवून तिच्यासोबत दवाखान्यात जा. उस्मानाबादच्या सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांनी आपल्यासाठी जे ज्ञान मिळवून दिले, ते आपल्या घरी तरी वाया जाऊ नये.