नदीचे मूळ, कणाचे कूळ

सराफकट्ट्यावरची धूळ झाडून नेणारा आणि ती घमेल्यात पाण्याने हिंदकळत तळाशी उरलेले सोन्याचे चार कण वेचून काढणारा झारेकरी ज्यांनी पाहिला असेल, त्यांना भूवैज्ञानिकांच्या एका उद्योगाची अर्धी रीत आधीच ठाऊक आहे, असे म्हणावयास हरकत नाही. नदीची वाळू तेही अशीच धुतात, हलकी गारगोटी वाहू देतात आणि जड कण राखतात. मात्र त्यांना हवे असतात ते झिर्कॉन नावाच्या खनिजाचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे स्फटिक. सराफाच्या लेखी या कणांना कवडीचीही किंमत नाही; परंतु ही वाळू कोणत्या पर्वतातून निघाली, याची कैफियत त्यांच्या पोटात लिहिलेली असते. नदीचे मूळ शोधू नये असे आपले वाडवडील सांगत आले, आणि हे शास्त्र तर नेमके तेच शोधण्यासाठी जन्मास आले आहे.

तप्त शिलारस निवताना झिर्कॉन घडतो. घडताना तो थोडे युरेनियम आपल्या रचनेत सामावून घेतो, शिशाला मात्र बहुधा थारा देत नाही. त्यामुळे पुढे त्याच्यात जे शिसे आढळते, ते जवळजवळ सर्वच युरेनियमच्या क्षयातून उपजलेले असते, आणि हा क्षय ठरलेल्या गतीनेच होत असल्यामुळे, दोहोंच्या प्रमाणावरून कणाचे वय काढता येते. युरेनियम-२३८ निम्मे होण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, युरेनियम-२३५ निम्मे होण्यास सुमारे ७० कोटी. एकाच कणात चालणारी ही दोन घड्याळे परस्परांची उलटतपासणी करतात, आणि त्यांचा मेळ बसला नाही, तर साक्षीदार फुटला असे समजून त्याची जबानी बाजूला ठेवतात. या कणांची चिकाटी अशी, की पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथे सुमारे ४४० कोटी वर्षांचा झिर्कॉन कितीतरी अलीकडच्या खडकात सुखरूप सापडला.

एका कणावरून मात्र निवाडा होत नाही. प्रत्येक नमुन्यातील शंभराच्या आसपास कणांवर लेसरचा सूक्ष्म झोत टाकून त्यांची वये मोजतात, आणि कोणत्या वयाचे किती कण निघाले, त्याचा आलेख मांडतात. हिमालयात सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांचे पट्टे आहेत, तसे सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचे ग्रॅनाइटही आहेत. कोणती नदी कोणता पट्टा किती कोरते, यावर तिच्या वाळूतील मिश्रण ठरते, आणि हे मिश्रणच त्या नदीचा अंगठा होय.

घग्गर नदीचे प्रकरण या दृष्टीने मोठे उद्बोधक आहे. शिवालिकच्या टेकड्यांत उगम पावून हरियाणा आणि राजस्थानातून वाहणारी, आणि पुढे पाकिस्तानात हाक्रा या नावाने वाळवंटात लुप्त होणारी ही पावसाळी नदी. परंतु तिच्या जुन्या पात्राची रुंदी तिच्या ऐपतीच्या कितीतरी पलीकडची, आणि त्या पात्राच्या काठी कालीबंगनसारखी हडप्पाकालीन वसाहत. कोणे एके काळी सतलज येथून वाहत असावी, असा तर्क भूवैज्ञानिक आर. डी. ओल्डहॅम यांनी १८८६ सालीच मांडला होता. पण तर्काला पुरावा हवा होता, आणि तो जमिनीखाली होता.

भूवैज्ञानिक पीटर क्लिफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली झिर्कॉनच्या आधारे दाखविले, की या प्रदेशातील गाडलेल्या वाळूचे साम्य आजच्या घग्गरपेक्षा बियास, सतलज आणि यमुना यांच्या वाळूशी अधिक आहे. २०१७ साली आय.आय.टी. कानपूर आणि लंडनचे इंपीरियल कॉलेज यांच्या संशोधकांनी कालीबंगनजवळ खोल छिद्रे पाडून वाळू काढली, आणि हे पात्र सतलजचेच होते असा निष्कर्ष काढला.

येथे एका गोष्टीत गफलत होता कामा नये. झिर्कॉन आपला जन्म सांगतो. तो त्या पात्रात केव्हा गाडला गेला, हे त्याला विचारून उपयोग नाही. त्यासाठी दुसरेच घड्याळ लागते. पुरलेल्या वाळूच्या कणात आसपासच्या किरणोत्सर्गामुळे ऊर्जा साठत जाते, सूर्यप्रकाशात ती निघून जाते. म्हणून अंधारात काढलेला कण प्रयोगशाळेत जितका लकाकेल, तितका काळ त्याने सूर्य पाहिलेला नाही असे गणित मांडता येते. या गणिताने सांगितले, की सतलजने हे पात्र सुमारे ८००० वर्षांपूर्वी किंवा त्यानंतर लवकरच सोडले, म्हणजे हडप्पाची नगरे भरभराटीस येण्याच्या कितीतरी आधी. उलट, २०१९ साली अहमदाबादची भौतिक अनुसंधान प्रयोगशाळा आणि आय.आय.टी. मुंबई येथील संशोधकांनी, अभ्रकाच्या कणांची वये आणि इतर रासायनिक खुणा तपासून असे मत दिले, की सतलजच्या फाट्यांमुळे ही नदी सुमारे ९००० ते ४५०० वर्षांपूर्वीपर्यंत बारमाही होती.

साक्षीदाराच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. शिवालिकच्या टेकड्याच मुळात हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या बनलेल्या. तेव्हा त्यांतून निघालेला कण दुसऱ्यांदा प्रवासास निघालेला असतो, आणि आपला मधला मुक्काम तो सांगत नाही. काही मुलखांत तर हा साक्षीदार हजरच नसतो: आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात झिर्कॉन क्वचितच आढळत असल्यामुळे, नाशिकच्या गोदेला हे प्रश्न विचारून फारसे काही हाती लागणार नाही. आणि लुप्त सरस्वती ती ही घग्गरच काय, या प्रश्नाला तर कोणताच कण उत्तर देणार नाही, कारण कणाला मूळ ठाऊक असते, नाव ठाऊक नसते.

सतलजचे पाणी एके काळी त्या पात्रातून वाहिले, हे मानण्यास आता प्रत्यवाय नाही. त्यातील शेवटचा फाटा नेमका केव्हा आटला, हा मुद्दा मात्र अधिक पुरावा येईपर्यंत तहकूब ठेवणेच न्यायाचे.