बाळासाहेब की काँग्रेस? वाद घालू, पण आकडे समोर ठेवून

निवडणूक लागली की अकोल्याच्या अशोक वाटिकेपासून अमरावतीच्या इर्विन चौकापर्यंत आपल्या माणसांत एकच वाद रंगतो. एक जण म्हणतो, बाळासाहेब निवडून येत नाहीत, मत वाया घालवू नका. दुसरा म्हणतो, काँग्रेसला मत म्हणजे समाजाशी गद्दारी. मग पहिला ‘बी टीम’ म्हणतो, दुसरा ‘दलाल’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. निकाल लागून जातो, पण भावाभावांतला अबोला पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकतो.

वाद होणे वाईट नाही. लोकशाहीत नेत्यांची तुलना व्हायलाच हवी. अडचण ही आहे की आपला वाद नेत्याच्या नावावर सुरू होतो आणि नावावरच संपतो. म्हणून कोणाला मत द्या हे आम्ही इथे सांगणार नाही. अकोला-अमरावतीचे निकाल काय सांगतात, मत ‘वाया जाते’ म्हणजे नेमके काय होते आणि पुढच्या वेळी हा वाद कसा घालावा, एवढेच मांडणार आहोत.

१९९८ चा धडा

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. पुढे गट पडत गेले. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत मात्र प्रमुख नेते एकत्र आले, काँग्रेसशी युती झाली आणि महाराष्ट्रातून चार खासदार निवडून आले: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, उत्तर मध्य मुंबईतून रामदास आठवले आणि चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. चारही मतदारसंघ खुले होते आणि चारपैकी दोन वऱ्हाडातले होते.

ते ऐक्य टिकले नाही. १९९९ मध्ये गवई अमरावतीत हरले, बाळासाहेब अकोल्यातून पुन्हा जिंकले. त्यानंतर २००४ ते २०१९ अशा सलग चार निवडणुका अकोल्यात भाजपचे संजय धोत्रे जिंकले आणि २०२४ मध्ये त्यांचे पुत्र अनुप धोत्रे. १९९८ चे दोन अर्थ काढले जातात. कोणी म्हणतो, काँग्रेसशिवाय जमत नाही. कोणी म्हणतो, ऐक्याशिवाय जमत नाही. त्या वर्षी दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या होत्या. त्यामुळे त्यातली एकच उचलून दुसऱ्याला गप्प करता येत नाही.

अकोल्याचे आकडे

मागच्या चार लोकसभा निवडणुकांत पहिल्या तिघांना मिळालेली मते, हजारांपर्यंत:

२००९: भाजप २ लाख ८७ हजार, आंबेडकर २ लाख २२ हजार, काँग्रेस १ लाख ८२ हजार.
२०१४: भाजप ४ लाख ५६ हजार, काँग्रेस २ लाख ५३ हजार, आंबेडकर २ लाख ३८ हजार.
२०१९: भाजप ५ लाख ५४ हजार, आंबेडकर २ लाख ७८ हजार, काँग्रेस २ लाख ५४ हजार.
२०२४: भाजप ४ लाख ५७ हजार, काँग्रेस ४ लाख १६ हजार, आंबेडकर २ लाख ७६ हजार.

यातून तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट ‘बी टीम’ची. तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार मते खातो, हा नियम मानायचा तर तो सगळ्यांना लावला पाहिजे. २०१४ आणि २०२४ मध्ये आंबेडकर तिसरे होते. पण २००९ आणि २०१९ मध्ये काँग्रेस तिसरी होती. तेव्हा काँग्रेसला कोणी बी टीम म्हटले का? जो फक्त २०२४ दाखवतो तो अर्धेच सांगतो. जो फक्त २०१९ दाखवतो तोही अर्धेच सांगतो.

दुसरी गोष्ट बेरजेची. २००९, २०१४ आणि २०२४ मध्ये काँग्रेस आणि आंबेडकर यांची मते एकत्र केली तर ती विजेत्यापेक्षा जास्त भरतात. २०१९ मध्ये बेरीज करूनही सुमारे २१ हजार मते कमी पडतात. शिवाय ही बेरीज कागदावरची आहे. काँग्रेसचा पाटील-देशमुख मतदार आंबेडकरांना मत देईलच, किंवा वंचितचा मतदार काँग्रेसकडे वळेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. युती वर झाली तरी मत गावातल्या माणसालाच द्यायचे असते.

तिसरी गोष्ट टिकून राहिलेल्या मतांची. २०१९ पेक्षा २०२४ मध्ये काँग्रेसची मते दीड लाखांहून अधिक वाढली, पण आंबेडकरांची मते जेमतेम दोन हजारांनी घटली. बौद्धांसोबत बंजारा, माळी, धनगर, मुस्लिम अशा समाजांना जोडणारा ‘अकोला पॅटर्न’ ज्यांनी उभा केला, त्यांच्या कामाची ही पुंजी आहे. याच बळावर जिल्हा परिषदेत अनेक वर्षे सत्ता चालवता आली. पण लोकसभेला ही पुंजी विजयाच्या रेषेपर्यंत पोचत नाही, हेही हेच आकडे सांगतात. ताकद आणि मर्यादा दोन्ही मान्य केल्या तरच पुढचा विचार होतो.

अमरावतीची गोष्ट वेगळी

अमरावती लोकसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. राखीव जागेवर उमेदवार अनुसूचित जातीचा असतो, पण मतदार सगळे असतात. १९३२ च्या पुणे करारातून आलेली संयुक्त मतदारसंघाची ही पद्धत आहे. त्यामुळे जागा राखीव आहे म्हणजे प्रतिनिधी आपल्या मताने ठरतो, असे होत नाही.

२०१९ मध्ये नवनीत राणा अपक्ष उभ्या होत्या आणि काँग्रेस-राष्ट्रवादीचा त्यांना पाठिंबा होता. त्यांनी शिवसेनेच्या आनंदराव अडसुळांना सुमारे ३७ हजार मतांनी हरवले. २०२४ मध्ये त्याच राणा भाजपच्या उमेदवार झाल्या. पाच वर्षांपूर्वी सेना-भाजप युतीच्या विरोधात म्हणून ज्यांनी त्यांना मत दिले होते, त्यांना कोणी विचारले नाही. अपक्षाला पाठिंबा देताना पक्षांनी काय लेखी घेतले होते, हा प्रश्न आपणही तेव्हा विचारला नव्हता.

२०२४ मध्ये रिपब्लिकन सेनेचे आनंदराज आंबेडकर रिंगणात होते आणि वंचितने त्यांना पाठिंबा दिला होता. त्यांना सुमारे १९ हजार मते पडली. काँग्रेसचे बळवंत वानखडे १९ हजार ७३१ मतांनी जिंकले. म्हणजे २६ एप्रिल २०२४ या एकाच दिवशी शेजारच्या दोन जिल्ह्यांत आंबेडकर घराण्यातल्या दोन भावांना मिळालेली मते अगदी वेगळी होती. अकोल्यात अनेक वर्षांची बांधणी होती, अमरावतीत ती नव्हती. आडनाव एकच असले तरी मतदाराने काम, संघटना आणि समोरचा धोका पाहून निर्णय घेतला, असे आम्हाला वाटते. या मतदाराला भाबडा समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

ही पद्धत आली कुठून?

ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, बाकीच्यांच्या मतांना जागा नाही, ही पद्धत आपण ब्रिटनकडून घेतली. तिथेही मतदार याच कात्रीत सापडतो. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म यूके या पक्षाला सुमारे १४ टक्के मते मिळूनही जागा मिळाल्या फक्त ५. मन एका पक्षाकडे आणि मत दुसऱ्याला, असा हिशेब तिथले लोकही करतात. तो गद्दारी नसतो. हरणाऱ्या पक्षाला मत देऊन त्याची ताकद मोजून दाखवणे हाही एक हिशेब आहे. तोही मूर्खपणा नसतो.

तिथली एक चाल मात्र घेण्यासारखी आहे. मतदारसंघातल्या सगळ्या उमेदवारांना एका व्यासपीठावर बसवून लोक प्रश्न विचारतात. २०१० पासून पक्षनेतेही टीव्हीवर शेजारी उभे राहून मतदारांना उत्तरे देऊ लागले. आपल्याकडे नेता सभेत बोलतो, आपण टाळ्या वाजवतो आणि प्रश्न एकमेकांना विचारून भांडतो.

मग वाद कसा घालायचा?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा दिला होता. धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय होता. तथागतांनीही कालामांना हेच शिकवले की, केवळ परंपरा आहे किंवा आपला गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट मानू नका, पारखून घ्या. हा नियम काँग्रेसच्या नेत्यांना लागू आहे, तसाच आंबेडकर घराण्यालाही लागू आहे.

अकोला, अमरावती, दर्यापूर, मूर्तिजापूर, कुठलीही वस्ती असो, तरुणांनी निवडणुकीपूर्वी सर्व उमेदवारांना बोलवावे. विहार हे उपासनेचे स्थळ आहे आणि आचारसंहितेनुसार तिथे प्रचार चालत नाही, म्हणून सभागृह किंवा मैदान घ्यावे आणि रीतसर परवानगी काढावी. नारे नकोत, सर्वांना सारखा वेळ आणि तेच प्रश्न.

काँग्रेस किंवा आघाडीच्या उमेदवाराला विचारावे: संविधान वाचवण्यासाठी आमचे मत हवे, तर सत्तेत, समित्यांत आणि उमेदवारीत आमचा वाटा किती? निवडून आल्यावर पक्ष बदलणार नाही, हे लिहून देता का?

वंचित किंवा रिपब्लिकन गटाच्या उमेदवाराला विचारावे: विजयासाठी लागणारी उरलेली मते कोणत्या समाजातून आणि कोणत्या कामातून येणार? युतीची बोलणी कुठे आणि का फिसकटली? हरलात तर पुढची पाच वर्षे गावात काय करणार?

दोघांनाही विचारावे: शिष्यवृत्ती, अट्रॉसिटीचे खटले, गायरान जमिनी, रिक्त जागांची भरती यांवर मागच्या पाच वर्षांत तुम्ही काय केले?

उत्तरे लिहून ठेवा, व्हिडिओ काढा आणि निवडणुकीनंतर वर्षभराने तेच कागद पुन्हा काढा. मग कोणी बाळासाहेबांना मत देईल, कोणी काँग्रेसला देईल. दोघेही आपलेच राहतील, कारण दोघांनीही मत विकलेले नसेल आणि डोळे मिटूनही दिलेले नसेल. जिंकणाऱ्यालाही कळेल की या वस्तीतले मत गृहीत धरता येत नाही.

जयभीम!