लिम्फोमा : गाठीचा नेमका प्रकार कळायला हवा

पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येते. ते दुखते आणि जखम भरली की बसते. मात्र मान, काख किंवा जांघेत न दुखणारी गाठ आली आणि ती वाढतच राहिली, तर दुर्लक्ष करू नये. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो रास्तही असतो. पण ताप, रात्री दरदरून घाम येणे आणि वजन घटणे ही लक्षणे लिम्फोमातही, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगातही दिसतात. गाठ न तपासता क्षयाची औषधे सुरू केली, तर मोलाचे महिने वाया जातात.

लिम्फोमा हा एकच आजार नाही. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींपासून होणाऱ्या अनेक कर्करोगांचे ते नाव आहे. त्यांचे मुख्य गट दोन : हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन. इंग्लंडमधील डॉ. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये या आजाराचे वर्णन केले. या गटात सूक्ष्मदर्शकाखाली ‘रीड-स्टर्नबर्ग’ नावाच्या मोठ्या पेशी दिसतात.

नॉन-हॉजकिनचे बी-पेशींचे आणि टी-पेशींचे असे प्रकार आहेत. बी-पेशींचे जास्त आढळतात. प्रत्येकाची चाल वेगळी. फॉलिक्युलर लिम्फोमा संथ असतो; त्रास नसेल तर काही रुग्णांना औषध न देता नुसते देखरेखीखाली ठेवतात. डिफ्यूज लार्ज बी-सेल वेगाने वाढतो, पण उपचारांनी अनेकजण पूर्ण बरे होतात. बर्किट तर काही दिवसांतच वाढतो; तिथे थांबायला सवड नसते. जठराचा माल्ट लिम्फोमा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे झाला असेल, तर बऱ्याचदा केवळ प्रतिजैविकांनीही आटोक्यात येतो.

म्हणूनच नेमका प्रकार कळणे महत्त्वाचे. सुईने घेतलेल्या नमुन्यात मोजक्याच पेशी येतात, गाठीची रचना कळत नाही. त्यामुळे शक्यतो पूर्ण गाठ काढून बायोप्सी करतात. पेशींवरील खुणाही तपासतात. ‘सीडी २०’ ही खूण असेल तर रिटुक्सिमॅब हे औषध उपयोगी पडते. बायोप्सीपूर्वी स्टेरॉइड घेतल्यास निदान अवघड होऊ शकते.

प्रकार आणि टप्पा या वेगळ्या गोष्टी आहेत. आजार किती पसरला, हे टप्पा सांगतो. चौथा टप्पा ऐकून अनेकजण हाय खातात. पण लिम्फोमाच्या काही प्रकारांत त्या टप्प्यावरही रुग्ण बरे होतात.

गाठ दोन-तीन आठवड्यांत बसली नाही, तर डॉक्टरांना दाखवावी. बायोप्सी झाल्यावर ‘कर्करोग आहे का’ एवढेच न विचारता ‘कोणत्या प्रकारचा’ हेही विचारावे आणि तो अहवाल जपून ठेवावा.