घरातल्या इंटरनेटच्या डबीला कुलूप आहे का?



बेणे, खोडवा यावर लिहिणारा माणूस आज राऊटरवर कसा, असे वाटेल. पण ऊस बिल बँकेत जमा झाले का, हे आता आपण घरी बसून मोबाईलवर बघतो. तो मोबाईल ज्या डबीतून इंटरनेट घेतो, ती डबी म्हणजे राऊटर.

जुलै २०१७ ची गोष्ट. बी.एस.एन.एल. व एम.टी.एन.एल.च्या हजारो ग्राहकांचे मोडेम एकाएकी बंद पडले. तार शाबूत, वीज चालू, पण इंटरनेट नाही. 'ब्रिकरबॉट' नावाचा प्रोग्राम बाहेरून शिरून मोडेम निकामी करीत होता. नाव 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन', हा मूळचा जोड कित्येकांनी बदललेलाच नव्हता. शिवाय लांबून दुरुस्ती करण्यासाठीचे ७५४७ क्रमांकाचे दार साऱ्या जगाला उघडे होते.

डबी बंद पडली तर निदान कळते तरी. २०१६ च्या 'मिराई'ने घेतलेल्या डब्या चालूच होत्या. साठेक ठरावीक पासवर्डांची यादी घेऊन तो जगभरच्या राऊटर-कॅमेऱ्यांची दारे ठोठावत फिरला आणि अशा डब्यांची फौज करून परक्यांवर सोडली. मालकाला पत्ताच नाही. गवताळ वाढीचे बेणेही डोळ्यांना निरोगीच दिसते की!

आपल्याला खरा धोका निराळा. बँकेचे नाव टाकले की कोणत्या पत्त्यावर जायचे, हे राऊटरमधल्या नोंदीवरून ठरते. ती नोंद कोणी बदलली, तर फाट्यावरची पाटीच फिरवल्यासारखे होते. गाडी नीट चालते, पण गाव भलतेच येते. नकली पानावर आपण पासवर्ड देऊन मोकळे. उसाच्याच देशात, ब्राझीलमध्ये, २०११ च्या सुमारास लाखो मोडेममध्ये हाच उद्योग झाला होता.

माझ्याच घरी जोडणी देणाऱ्याने डबी बसवली, वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून दिला. मी तोच बदलून निर्धास्त. तीन वर्षांनी पोराने दाखवले, की सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो आणि तो 'अ‍ॅडमिन'च होता. दाराला कडी घातली, परसदार उघडेच!

डबीच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर सेटिंगचा पत्ता असतो. तो मोबाईलच्या ब्राऊझरमध्ये टाकून आत जा. सेटिंगचा पासवर्ड लांबलचक ठेवा आणि पासबुकाशेजारच्या वहीत लिहून ठेवा, भिंतीवर नको. 'रिमोट मॅनेजमेंट' चालू असेल तर बंद करा. मात्र जोडणी देणाऱ्याला विचारून, कारण काही जण त्यातूनच देखभाल करतात. 'फर्मवेअर अपडेट' आले असेल तर घ्या. त्यात सापडलेली भोके बुजवलेली असतात. ज्या जुन्या डबीला कंपनी अपडेटच देत नाही, ती बदललेली बरी. पाचव्या-सहाव्या खोडव्यावर खत घालून काय उपयोग?

पासवर्ड विसरलात, तर मागच्या बारीक भोकात काडी दाबून धरली की डबी मूळपदावर येते. पण मग जुना पासवर्डही परत येतो, त्यामुळे सगळे पुन्हा करावे लागते.