कॉइल का तापते?

शाळेच्या जुन्या ॲम्बॅसिडरविषयी पालकसभेत पुन्हा विचारणा झाली. सकाळी गाडी झटकन सुरू होते, अर्ध्या तासाने राऊच्या रस्त्यावर बंद पडते, मुले उन्हात उभी राहतात आणि वीस मिनिटांनी गाडी पुन्हा चालू. वर्षभरात दोन कॉइल बदलल्या; आता तिसरीच्या खर्चाचा कागद विश्वस्तांपुढे आहे. त्यावर सही होण्यापूर्वी आम्ही नव्या मिस्त्रींना जवळ बसवून सगळे समजून घेतले.

बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल हजारो व्होल्ट करते. पॉइंट मिटले की तिच्यात करंट जातो, उघडले की तुटतो आणि त्याच क्षणी प्लगवर ठिणगी पडते. इंजिन चालताना करंटला अशी मधून मधून विश्रांती मिळते. इंजिन बंद, चावी चालू आणि पॉइंट मिटलेले असतील तर मात्र करंट अखंड वाहतो. रेडिओसाठी चावी फिरवून बसणाऱ्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे!

गरम गाडी बंद पडल्यावर मिस्त्रींनी आधी ठिणगी पाहिली. ती निळी व जोरदार असती तर दोष पेट्रोलकडे शोधावा लागला असता. उन्हाळ्यात नळीतच पेट्रोलची वाफ होते. आमची ठिणगी पिवळट, अशक्त होती. तापलेला कंडेन्सरही असे करतो, म्हणून तो बदलून पाहिला. फरक नाही.

मग कॉइलच्या तारा सोडवून मीटर लावला. या गाडीला सुमारे ३ ओहमची कॉइल लागते. मीटरवर दीड दिसला. आता दहावीच्या मुलांनी वही काढावी. १२ भागिले ३ म्हणजे ४ अँपिअर, भागिले दीड म्हणजे ८. उष्णता ४८ वॉटऐवजी ९६, दुप्पट! दीड ओहमची कॉइल वाईट नसते. ज्या गाड्यांत तिच्याआधी वेगळा रेझिस्टर जोडलेला असतो त्यांच्यासाठी ती आहे. आमच्या गाडीत तो नाही. जास्त करंटने पॉइंटही जळाले होते.

तेव्हा तिसरी कॉइल घ्यावी लागेल, पण ३ ओहमची, आणि सोबत पॉइंटचा नवा जोड. दुकानात जुनी कॉइल दाखवून ‘अशीच द्या’ म्हणू नये, असे चालकांना सांगितले आहे.