निळे टिंब खरे बोलते का?

बेंगळुरूत हेब्बाळच्या उड्डाणपुलाजवळ आलात की मोबाइलमधला नकाशा कधी कधी गोंधळतो. गाडी पुलावर असते आणि नकाशातला बाण खालच्या रस्त्यावर! चुकीच्या फाट्याला लागलात तर विमानतळावर पोहोचायला उशीर होतो, फार तर चिडचिड होते. पण हीच चूक ढगांतून उतरणाऱ्या विमानातल्या यंत्राने केली तर?

म्हणूनच विमानाला ‘मी कुठे आहे?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘या उत्तरावर किती विश्वास ठेवू?’ हेही विचारावे लागते. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारी भारताची यंत्रणा याच बेंगळुरूतून चालते. तिचे नाव ‘गगन’. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ती मिळून उभारली आहे.

पाचवा साक्षीदार

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक जण आपली वेळ सांगत असतो. संदेश यायला किती वेळ लागला, यावरून आपला फोन अंतर काढतो. त्यासाठी किमान चार उपग्रह लागतात. पण घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तरी अंतर 300 मीटरनी चुकते.

असे प्रत्यक्षात घडलेही आहे. 1 जानेवारी 2004 रोजी एका जीपीएस उपग्रहाचे घड्याळ बिघडले आणि जवळजवळ तीन तास तो चुकीची माहिती देत राहिला.

मग खोटे कसे ओळखायचे? पाचवा उपग्रह दिसत असेल, तर बाकीच्यांशी त्याचे उत्तर ताडून पाहता येते. हिशेब जुळला नाही, तर कोणीतरी चुकते आहे एवढे कळते. नेमका कोण, हे शोधून त्याला बाजूला काढायला सहावा लागतो. विमानातले रिसिव्हर ही पडताळणी स्वतःच करतात.

नागपूर, गोवा आणि कुंदलहळ्ळी

‘गगन’ याच्या एक पाऊल पुढे जाते. देशभरात तिची 15 संदर्भ केंद्रे आहेत, त्यांत नागपूर आणि गोवाही आहेत. प्रत्येक केंद्राच्या अँटेनाची जागा आधीच अचूक मोजलेली असते. त्यामुळे उपग्रहांनी काय सांगायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय सांगितले, यातला फरक लगेच दिसतो.

ही सारी माहिती बेंगळुरूच्या पूर्वेला असलेल्या कुंदलहळ्ळीच्या नियंत्रण केंद्रात जमा होते. तिथे दुरुस्त्या तयार होतात आणि त्यांच्यासोबत ‘चूक जास्तीत जास्त एवढी असू शकेल’ अशी मर्यादाही ठरते. मग जीसॅट मालिकेतल्या उपग्रहांमार्फत हा संदेश विमानांपर्यंत पोहोचतो.

भारतात हे काम विशेष अवघड आहे. आपल्या आकाशातला विद्युतभारित थर, म्हणजे आयनोस्फिअर, विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे फार चंचल असतो. सूर्यास्तानंतर तर तो अधिकच खवळतो आणि उपग्रहांचे संदेश कमीजास्त उशिरा पोहोचतात. म्हणून इस्रोला इथल्या आकाशासाठी वेगळे गणित मांडावे लागले.

दहा सेकंदांचा प्रश्न

विमान उतरताना नियम कडक असतात. ‘गगन’ला 2015 मध्ये ज्या प्रकारच्या उतरणीसाठी मान्यता मिळाली, तिच्यात आडवी चूक 40 मीटर आणि उंचीतली चूक 50 मीटर या मर्यादेबाहेर जाऊ शकते असे वाटताच 10 सेकंदांत इशारा मिळायला हवा. इशाऱ्याविना चूक होण्याची शक्यता एक कोटी उतरणींमागे दोनपेक्षा जास्त चालत नाही. खात्री नसेल तर यंत्राने ‘मला माहीत नाही’ असे म्हणायचे. वैमानिक मग विमान पुन्हा वर घेतो किंवा दुसऱ्या साधनाने उतरवतो.

28 एप्रिल 2022 रोजी राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोचे एटीआर विमान ‘गगन’च्या मदतीने उतरले. ज्या लहान विमानतळांवर उतरणीसाठी महागडी उपकरणे बसवलेली नाहीत, त्यांना याचा मोठा आधार आहे.

सगळेच फितूर झाले तर?

एक संकट मात्र या पडताळणीलाही चकवू शकते. जमिनीवरून कोणी बनावट संदेश सोडले, तर सगळे साक्षीदार मिळून एकच खोटी गोष्ट सांगतात आणि हिशेब बरोबर जुळतो! नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात भारताच्या सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूकडे, जीपीएसमध्ये ढवळाढवळ झाल्याच्या 465 घटना नोंदल्या गेल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले. म्हणून विमानात उपग्रहांवर अवलंबून नसलेली साधनेही ठेवावीच लागतात.

आपल्यासाठी काय?

फोनच्या नकाशात निळ्या टिंबाभोवती कधी कधी फिकट निळे वर्तुळ दिसते. ‘तुम्ही यात कुठेतरी आहात’ असे फोन त्यातून सांगत असतो. मात्र त्यामागे विमानासारखी कडक हमी नसते. रुग्णवाहिकेला किंवा घरच्यांना लोकेशन पाठवताना थोडे मोकळ्या जागी या आणि वर्तुळ लहान होऊ द्या. सोबत ‘पुलाखाली, तलावाच्या बाजूला’ अशी एखादी खूण जरूर सांगा. फोनच्या हिशेबाला तीही एक साक्ष होईल!